यज्ञ नको म्हणणारा देव

मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या त्या दिवसांत, आई मला म्हणाली, "तू उपास नको करूस गं बाई, तू उपास केलास की सगळ्या घराला घडतो." खरंतर हसायला यायला पाहिजे होतं, पण मला राग आला, आणि राग आला म्हणजे ती बरोबर बोलत होती हे कळायला पुढचे आठ दिवस गेले. तेव्हा आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं होत आली होती. त्या दोन वर्षांत मी काय काय सोडलं याची माझ्याकडे यादी होती, आणि यादी म्हणजे मनातल्या मनात नाही, फोनच्या नोट्समध्ये, तारखांसकट. हॉस्पिटलमध्ये काढलेल्या रात्री, बुडालेल्या रजा, रद्द केलेली तिकिटं, एक नाकारलेलं प्रमोशन. कशासाठी लिहीत होते? तर दादा लांब परदेशात बसून महिन्याला पैसे पाठवतो आणि फोनवर "तू आहेस म्हणून मला टेन्शन नाही" म्हणतो, त्याला कधीतरी दाखवायला. पुरावा म्हणून.

आणि एक गोष्ट मला दिसत होती पण मी बघत नव्हते. आई पाणी मागायची ते दुपारी येणाऱ्या मदतनीस बाईंकडे. त्या जाईपर्यंत दोन-दोन ग्लास पिऊन घ्यायची, म्हणजे संध्याकाळी मला उठवावं लागू नये. मी उठत नव्हते असं नाही, लगेच उठायचे, पण माझं ते उठणं तिला जड व्हायचं.

तर अशा मूडमध्ये मी उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले. त्या दिवशी दोन वाचनं एकत्र येतात, जुन्या करारातलं होशेयचं सहावं प्रकरण आणि लूकच्या शुभवर्तमानातली परूशी (म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस) आणि जकातदाराची गोष्ट. दोन्ही लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलीत की कान आपोआप बंद होतात. पण परूशी उभा राहून देवाला सांगतो ना, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या उत्पन्नाचा दशांश देतो, तिथे मी चक्क दचकले. अरे, याच्याकडे पण यादी आहे! तारखा तेवढ्या नाहीत.

एक सांगते, हा परूशी खोटं बोलत नाहीये. आपण चर्चमध्ये त्याला फार लवकर व्हिलन करून टाकतो. दोन उपास, दशांश, हे सगळं तो खरंच करत होता आणि नियमाच्या पलीकडे जाऊन करत होता, कारण दर आठवड्याला दोन उपास करा असं मोशेच्या नियमशास्त्रात कुठेच नाही. आणि तो जकातदार म्हणजे काही गरीब बिचारा नव्हे, रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा, आणि असे लोक ठरल्यापेक्षा जास्त उकळून खिशात घालतात असंच गावाचं मत. तरी घरी जाताना नीतिमान ठरला तो हाच. लांब उभा राहून, वर न बघता, ऊर बडवत एवढंच म्हणाला की देवा, मज पाप्यावर दया कर.

त्या "दया कर"वर मी नंतर बरीच अडकले, त्याचं कारण पुढे येईल. आधी होशेय.

होशेय इ.स.पू. आठव्या शतकातला संदेष्टा, उत्तरेकडच्या इस्राएलच्या राज्यातला. त्याच शतकात, साधारण ७२२ साली अश्शूरांनी त्या राज्याची राजधानी शोमरोन जिंकली आणि राज्य संपलं. त्या शेवटच्या काळात देवळं ओस पडली होती असं नाही हं, उलट वेद्या जोरात चालू होत्या, जनावरं कापली जात होती, धूर निघत होता. आणि हा माणूस देवाच्या वतीने म्हणतो, मला दया पाहिजे, यज्ञ नको. तिथे हिब्रू शब्द आहे हेसेद. त्याला मराठीत आपण दया म्हणतो पण मला ते थोडं अपुरं वाटतं, कारण मराठीत दया वरून खाली येते, "माझ्यावर दया दाखवू नका" असं आपण रागाने म्हणतो की नाही! हेसेदमध्ये तो वास नाही. त्यात नात्याला जागणं आहे, धरून राहणं आहे, आपल्याकडे आजी "माया" म्हणते त्याच्या जवळपासचं काहीतरी. पुढे ग्रीक भाषांतरात तो शब्द एलेओस झाला, आणि त्याच ग्रीक शब्दात शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने तो येशूच्या तोंडी दोनदा घातला. एकदा जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून लोक बोलले तेव्हा, "याचा अर्थ काय हे जाऊन शिका" असं म्हणून. आणि दुसऱ्यांदा भुकेल्या शिष्यांनी शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी शेतातली कणसं मोडली तेव्हा.

आता यावरून पटकन निघणारा अर्थ असा की देवाला यज्ञ, विधी, उपास काहीच नको, चांगलं वागा की झालं. मला पण बरीच वर्षं असंच वाटायचं आणि सोयीचं होतं ते. पण होशेयचं तेच वचन पुढे वाचलं तर दुसरी ओळ म्हणते, होमार्पणांपेक्षा देवाचं ज्ञान बरं. पेक्षा. हिब्रूची ही बोलायची पद्धतच आहे, हे नको ते हवं म्हणजे आधी ते, मग हे. आपण नाही का म्हणत, "मला तुझे पैसे नकोत रे, तू ये". म्हणजे पैसे पाठवणं पाप आहे असं नसतं ना ते.

आणि ते जुने यज्ञ काय होते हे नीट वाचायला लागले तेव्हा माझा सगळा तोराच उतरला. बायबलमधलं लेवीय हे पुस्तक कोणी आवडीने वाचत नाही, मी पण वाचलं नव्हतं, पहिल्या प्रकरणातच माणूस जेरीला येतो. पण एक दृश्य बघा. माणूस आपलं जनावर घेऊन येतो आणि त्याच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवतो. मग कापतो कोण? याजक नाही, तो माणूस स्वतः. याजकाचं काम रक्त शिंपडायचं आणि वेदीवर जाळायचं. म्हणजे हाताखाली ते कोमट डोकं, केस, श्वास, आणि मग सुरी. हे लांबून दान टाकून मोकळं होण्यासारखं नव्हतंच.

आणि त्याच पुस्तकात पाचव्या प्रकरणात पापार्पणाचे नियम आहेत, त्यात कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं चालतील असं आहे. तेही जमत नसेल तर? तर एफा नावाच्या मापाचा दहावा भाग सपीठ. पीठ! रक्ताचा थेंब नाही, आणि तरी वाक्य तेच, त्याला क्षमा होईल. म्हणजे यज्ञाच्या नियमातच कोणीतरी गरिबासाठी दार किलकिलं ठेवलेलं होतं. लूक सांगतो की बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा मरीया आणि योसेफ यांनी पक्ष्यांचीच जोडी दिली, म्हणजे बाळंतिणीला कोकरू परवडत नसेल तर जी सवलत होती ती. ज्याला पुढे देवाचं कोकरू म्हणायचं त्याच्या घरी कोकरू घ्यायला पैसे नव्हते, यावर मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आता तो "दया कर". वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, मुख्य याजक परमपवित्रस्थानात, म्हणजे मंदिराच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जायचा आणि कराराच्या कोशावर, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवर, जे सोन्याचं झाकण होतं त्यावर रक्त शिंपडायचा. मराठी बायबलमध्ये त्या झाकणाला दयासन म्हटलंय. हिब्रूतला शब्द कप्पोरेथ, त्यात प्रायश्चित्ताचा धातू आहे, दया हा शब्द तिथे नाही, तो भाषांतराच्या परंपरेतून आला, पण काय नेमका आला! ग्रीकमध्ये त्याच झाकणाला हिलास्टेरिओन म्हणतात, आणि प्रेषित पौल रोमकरांना पत्र लिहिताना तिसऱ्या प्रकरणात येशूसाठी तोच शब्द वापरतो. आणि लूकचा जकातदार जे म्हणतो ते ग्रीकमध्ये साधं "एलेइसोन" (एलेओसवरून आलेलं "दया कर") नाहीये, तो म्हणतो "हिलास्थेति", त्याच घराण्यातलं क्रियापद. तो मंदिराच्या आवारात लांब कुठेतरी उभा आहे, हातात काही नाही, आणि म्हणतोय की त्या दयासनावर जे होतं ते माझ्यासाठी होऊ दे. गंमत म्हणजे तेव्हाच्या मंदिरात ते झाकणही नव्हतं आणि कोशही नव्हता. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) स्वारीत यरुशलेममधलं पहिलं मंदिर पडलं, त्यानंतर कोश परत कोणी पाहिला नाही, आणि योसेफस नावाचा त्या काळचा ज्यू इतिहासकार लिहितो की आतल्या खोलीत काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीच्या दिशेने तोंड करून एक माणूस दया मागतोय, आणि ती मिळते.

इ.स. ७० मध्ये रोमन फौजेने ते मंदिरही पाडलं. यज्ञ थांबले ते थांबलेच. ज्यू परंपरेत एक प्रसंग सांगतात, योहानान बेन झक्काय हे गुरू आणि त्यांचा शिष्य ते अवशेष बघत चाललेत, शिष्य रडतो की पापांचं प्रायश्चित्त व्हायची जागाच गेली, आणि गुरू त्याला समजावतात की आपल्याकडे तितकंच मोठं प्रायश्चित्त आहे, मायेची कृत्यं, आणि वचन देतात ते होशेयचंच. एकच ओळ, दोन घरांनी धरून ठेवली. हे आमच्याकडे प्रवचनात सांगायला हवं असं मला वाटतं, परूश्यांना झोडपण्यापेक्षा.

पण मग क्रूसाचं काय? यज्ञ नको म्हणणारा देव, आणि श्रद्धेच्या मधोमध एक मरणारा माणूस, ज्याला आपणच यज्ञ म्हणतो. कॉलेजात असताना माझ्या एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं होतं, तुमच्या देवाला माफ करायला रक्त का लागतं, नुसतं माफ का नाही करता येत? मी तेव्हा काहीतरी पाठ केलेलं बोलले. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्म या बिशपने मांडलेलं उत्तर साधारण असं की पाप म्हणजे देवाच्या मानाचं देणं, ते माणसाने फेडायला हवं पण फेडू शकतो फक्त देव. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या आबेलारने दुसरंच अंग पुढे केलं, की क्रूसावरचं प्रेम बघून माणसाचं मन वळतं. दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण बापाचा राग शांत करायला मुलगा मेला असं कोणी सांगितलं की मला आजही चर्चमधून उठून जावंसं वाटतं. पौल करिंथकरांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. करत होता, करवून घेत नव्हता.

मला स्वतःला हे कळलं ते मत्तयच्या अठराव्या प्रकरणातल्या त्या दासाच्या गोष्टीमुळे. एका दासावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे झाले ६ कोटी दिवस. हा आकडा फेडण्यासाठी नाहीच, ऐकणाऱ्याने हसावं म्हणून आहे. राजाला कळवळा येतो आणि तो सोडून देतो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण मी कधी विचारच केला नव्हता की ते ६ कोटी गेले कुठे? हवेत नाही ना विरले. राजाच्या खजिन्यातून गेले, भोक राजाला पडलं. माफ करणारा नेहमी स्वतःच्या खिशातून माफ करतो, मग ते पैसे असोत, अपमान असो, की वाया गेलेली वर्षं. त्यामुळे "नुसतं माफ" अशी गोष्टच नसते, मैत्रिणीला आज भेटले तर हे सांगेन. क्रूसावर "हे बापा, त्यांना क्षमा कर" म्हणणारा माणूस क्षमा विकत घेत नाहीये, ती देतोय, आणि देताना काय जातं ते आपल्याला समोर दिसतंय. आधीचे यज्ञ माणसाकडून वर जायचे, हा तिकडून इकडे आला. पौल रोमकरांना बाराव्या प्रकरणात सांगतो की तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून द्या, पण वाक्याची सुरुवात "देवाच्या करुणेमुळे" अशी आहे, म्हणजे दया आधी मिळालेली आहे, मग द्यायचंय. मी उलटं करत होते. आधी देत होते, आणि मग कोणीतरी माझ्यावर दया करेल म्हणून वाट बघत होते.

हो, आणि एक राग आहे तो इथेच काढून घेते. "आपला क्रूस उचल" हे वाक्य घरात मार खाणाऱ्या बाईला सांगणारे लोक मी पाहिलेत, चांगले प्रार्थना करणारे लोक. त्यांनी योहानाचं दहावं प्रकरण वाचावं. तिथे येशू म्हणतो की माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. हिसकावून घेतलेल्याला यज्ञ म्हणत नाहीत. तिला घरातून बाहेर काढा, वचनं नंतर.

आता परत माझ्या यादीकडे. त्या शनिवारच्या रात्री मी लूक उघडून बसले आणि वाचत वाचत मागे गेले ते दहाव्या प्रकरणापर्यंत, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. रस्त्यावर अर्धमेला माणूस, आणि त्याला बघून बाजूने निघून जाणारे दोघे कोण तर याजक आणि लेवी, म्हणजे यज्ञ हेच ज्यांचं काम ते. मग शोमरोनी येतो, त्याला कळवळा येतो. ग्रीकमध्ये तो शब्द आतड्यांवरून आलाय, आपलं पोटात कालवतं ना, तस्संच. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आणि वेदीवर अर्पणांबरोबर जायचं ते पण तेल आणि द्राक्षारसच. लूकच्या मनात हे होतं का मला माहीत नाही, पण मला मात्र तो रस्ताच वेदी झालेला दिसतो. आणि मग ती ओळ जिच्यापाशी मी थांबले. खाणावळवाल्याला तो दोन दिनार देतो आणि म्हणतो, याहून जास्त खर्चलंस तर मी परत आल्यावर देईन. बस. किती ते विचारत नाही, पावती मागत नाही, त्या जखमी माणसाला शुद्धीवर आल्यावर कोणी सांगितलं की नाही तेही कळत नाही.

मी माझी नोट उघडली. चौऱ्याहत्तर ओळी होत्या. प्रत्येक खरी होती, हे पण सांगते, मी काही वाढवून लिहिलेलं नव्हतं. फक्त त्या चौऱ्याहत्तर ओळींत आई कुठेच नव्हती. रात्री तिने काय सांगितलं, कशाला घाबरली, कशाला हसली, काही नाही. हॉस्पिटल, तारीख, मी.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सेत भाकर मोडताना आम्ही ते नेहमीचं म्हटलं, देवाच्या कोकरा, जगाचं पाप हरण करणाऱ्या, आमच्यावर दया कर. ही प्रार्थना सातव्या शतकाच्या शेवटी पोप सर्जियस यांच्या काळात मिस्सेत आली, भाकर मोडायला वेळ लागायचा तेव्हा म्हणायला. यज्ञ आणि दया एका वाक्यात, आणि मी हे हजार वेळा तरी म्हटलं असेल, तोंडाने. आई व्हीलचेअरवर माझ्या बाजूला होती, ती ते जरा मागून म्हणते, एक शब्द उशिरा, त्यामुळे सगळ्यांचं "कर" संपल्यावर तिचं एकटीचं "कर" ऐकू येतं.

आणि डोंगरावरच्या प्रवचनातलं ते पण त्याच वेळी डोक्यात आलं, की वेदीजवळ दान घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हे गालीलात सांगितलंय आणि वेदी होती यरुशलेमात, शंभराहून जास्त किलोमीटर, पायी तीन-चार दिवस. म्हणजे जनावर वेदीजवळ बांधून घरी जा, भावाशी बोल, परत ये. ऐकणारे हसले असतील.

मला फक्त पार्किंगपर्यंत जायचं होतं. आईला गाडीत बसवलं आणि बाहेर उभी राहून दादाला फोन लावला. त्याच्याकडे भल्या पहाटेची वेळ होती, उचलला पहिल्याच रिंगला, "काय झालं आईला?" असाच. मी म्हटलं काही नाही रे, असंच केला. मग दोघंही गप्प. मी काहीतरी मोठं बोलणार होते, माफीबिफी, ते जमलं नाही. तो म्हणाला, "तू उपास करतेयस ना, आई सांगत होती." मी म्हटलं, "अजून काय सांगत होती?" तर म्हणाला, रात्रीची अर्धी गोळी डॉक्टरांनी बंद केली, डाव्या पायाला सूज आहे पण तुला सांगू नको म्हणाली, आणि तू झोपेत दात खातेस.

सूज मी पाहिलीच नव्हती. गाडीचं दार उघडून आईची चादर जरा वर केली, ती म्हणाली, "आता काय?" आणि पाय मागे ओढायला लागली.